‘मॅडम, जरा बोलायचं होतं’ : कामगार गैरप्रकार कानावर घालतो तेव्हा मालकाने काय करावं

१९९८ चा मे महिना. भोसरीजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होते. पहिली पाळी सुटायला थोडा वेळ होता. स्टोअरमधले मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. “मॅडम, जरा बोलायचं होतं.” बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, स्क्रॅप यार्डाच्या मागची जमीन ओली असते. रोज नाही, भंगारवाल्याची गाडी येते त्याच दिवशी. एवढ्या उन्हाळ्यात तिथं पाणी कुठून येतं, ते तुम्हीच बघा.

मला आधी काही कळेना. मग त्यांनीच समजावलं. गाडी रिकामी आत येते तेव्हा वजनकाट्यावर चढते, भंगार भरून बाहेर जाताना पुन्हा चढते. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे नेलेला माल, तेवढ्याचेच पैसे. आता येतानाच ताडपत्रीखाली पाण्याने भरलेले बॅरल ठेवले तर ‘रिकाम्या’ गाडीचं वजन फुगतं. काटा झाला की यार्डाच्या मागे जाऊन पाणी सोडायचं. २०० लिटरचे चार बॅरल धरले तर एका खेपेला ८०० किलो माल फुकट.

मामांनी त्या ओल्या जमिनीवरून हे सगळं ओळखलं होतं. मी त्याच संध्याकाळी प्लँट मॅनेजरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना सुरुवातच केली, “मामा सांगत होते...”

पंधरा दिवसांत मामांची बदली हीट ट्रीटमेंटला, म्हणजे भट्ट्यांच्या विभागात झाली, तीही तिसऱ्या पाळीत. वय ५३. कागदावर कारण होतं ‘मनुष्यबळाची निकड’. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला. पाण्याची गाडी मात्र २००१ पर्यंत येत राहिली. नवे अकाउंट्स मॅनेजर आले आणि त्यांनी काट्याच्या पावत्या जुळवल्या, तेव्हा ती थांबली.

मामांचं नुकसान माझ्या तोंडून झालं. त्यानंतर नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर बाहेरची चौकशी अधिकारी म्हणून मी अशी बरीच प्रकरणं हाताळली. आज लिहिते आहे ते भोसरी, चाकण, सातपूर, वाळूजमधल्या त्या मालकांसाठी, ज्यांच्याकडे पन्नास ते पाचशे माणसं आहेत आणि ज्यांना वेगळा विधी विभाग परवडत नाही. तुमच्याकडे मामा येतील तेव्हा काय करायचं, ते सांगते.

आधी एक शब्द नीट ठेवू

इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात त्याला मराठी वर्तमानपत्रं ‘जागल्या’ म्हणतात. हा शब्द मला फार योग्य वाटतो. गावात जागल्या रात्रभर जागायचा म्हणून बाकीचे झोपू शकायचे. कारखान्यात मात्र अशा माणसाला चुगलखोर म्हणतात. चहाडी करणारा स्वतःचा काहीतरी फायदा बघतो. मामांसारखा माणूस स्वतःची भाकरी पणाला लावतो. तुमच्या मनात हा फरक पक्का नसेल तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही, कारण समोरच्याला तो तुमच्या चेहऱ्यावर दिसतो.

आणि हिशेबानेही बघा. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था दर दोन वर्षांनी जगभरातल्या घोटाळ्यांचा अभ्यास करते. २०२४ च्या अहवालात ४३ टक्के घोटाळे कुणीतरी येऊन सांगितल्यामुळे उघडकीला आले होते, आणि त्या सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच कंपनीतले कर्मचारी होते. लाखो रुपये देऊन केलेल्या ऑडिटला जे दिसत नाही ते स्टोअरमधल्या माणसाला दिसतं.

पहिला अर्धा तास

माणूस येतो तेव्हा तो आधी पाच-सहा दिवस झोपलेला नसतो, हे धरून चाला. तो थेट मुद्द्यावर येत नाही. पगाराचं विचारतो, गावच्या रजेचं बोलतो, उठायला लागतो आणि दारातून वळून सांगतो. घड्याळाकडे बघू नका. फोन उलटा ठेवा.

जागा महत्त्वाची. काचेच्या केबिनमध्ये, पाळी बदलायच्या वेळी, शिपायाला पाठवून बोलावून घेतलंत तर संपलं. शंभर माणसं बघतात. बाहेर भेटा, सुट्टीच्या दिवशी भेटा, नाहीतर ज्या कामासाठी तो नेहमीच ऑफिसात येतो त्याच कामाच्या निमित्ताने भेटा.

ऐकून घेताना पाच-सहा गोष्टी विचारायच्या. हे तुम्ही स्वतः पाहिलं की कुणाकडून ऐकलं? कधीपासून? कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत? कुठल्या कागदावर याची खूण सापडेल? आत्ता, या घडीला कुणाच्या जिवाला धोका आहे का? आणि हे आणखी कुणाला सांगितलंय का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. त्याने आधी सुपरवायझरला सांगितलं असेल तर नाव आधीच फुटलेलं असतं, आणि तुम्हाला त्याप्रमाणे वागावं लागतं.

काही वाक्यं कधीच बोलू नका. “इतके दिवस का नाही सांगितलं?” हा प्रश्न ऐकला की माणूस मिटतो. “पुरावा आण, मग बघू” हे त्याहून वाईट. त्याला पुरावा गोळा करायला लावलंत तर तो मोबाइलवर फोटो काढताना सापडेल, कुणाचं कपाट उघडेल, आणि उद्या शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावरच होईल. पुरावा शोधणं हे तुमचं काम. त्याचं काम सांगून झालं.

तावातावाने वचनंही देऊ नका. “उद्याच्या उद्या त्याला हाकलतो” म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. पुढे चौकशीत काही निघालं नाही की तेच मालक सांगणाऱ्याचं तोंड बघत नाहीत. मी साधारण असं सांगते: “तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. आता बघायचं काम माझं. तुमचं नाव मी माझ्याकडे ठेवते. कोर्टाने किंवा पोलिसांनी मागितलं आणि द्यावंच लागलं, तर देण्याआधी तुम्हाला कळवीन. आठ दिवसांत मी तुम्हाला सांगते की काम सुरू झालंय.” एवढंच बोला, आणि बोललेलं पाळा.

नंतर लिहून काढा, त्याच्याच शब्दांत. ‘यार्डाच्या मागची जमीन ओली’ असं तो म्हणाला असेल तर तसंच लिहा, ‘भंगार विक्रीत अपहार’ असं लिहू नका. अपहार हा तुमचा निष्कर्ष झाला आणि तो अजून निघायचा आहे. त्याला वाचून दाखवा. तारीख घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही घेऊ नका, देऊ नका.

नाव

या लेखातलं एकच लक्षात राहणार असेल तर हे राहू दे. तक्रार आली की ऑफिसात पहिला प्रश्न उठतो, “कुणी सांगितलं?” तो प्रश्न मालकाने स्वतः विचारायचा नाही आणि दुसऱ्याला विचारू द्यायचा नाही. काय सांगितलंय, एवढंच बघायचं.

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. ते पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया शहरात त्यांचा गोळी घालून खून झाला. न्यायालयात तो लुटीतला खून ठरला, पण नाव गुप्त ठेवा म्हणणाऱ्या माणसाचं पत्र तसं फिरलं याने सगळा देश हादरला. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचं आणि नाव राखण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगावर सोपवलं.

आपल्याकडे कारखान्यात कुणी मुद्दाम नाव फोडत नाही. ते झिरपतं. ‘दुसऱ्या पाळीतल्या एकाने सांगितलं’ एवढं म्हटलं तरी पुरतं, कारण दुसऱ्या पाळीत त्या जागी दोनच माणसं असतात. मेल पुढे पाठवताना खालची साखळी तशीच जाते. टायपिस्टकडे कागद जातो. मूळ तक्रारीची भाषा चौकशीच्या नोटिशीत जशीच्या तशी उतरते आणि सगळे ओळखतात, असं तर अमकाच बोलतो. कधीकधी साहेबच त्या माणसाशी अचानक गोड बोलायला लागतात, तेही लोकांना कळतं.

म्हणून नाव किती जणांना माहीत आहे ते लिहून ठेवा. दोन ठीक, तीन जास्तीत जास्त. मूळ कागद तुमच्या स्वतःच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. बाकी सगळ्यांसाठी दुसरी टिपणी करा, तुमच्या भाषेत, ज्यातून माणूस ओळखू येणार नाही.

आणि पडताळणी अशी करा की माणसाला साक्षीला यायची वेळच येऊ नये. काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांचा मला फोन आला. क्वालिटी लॅबमधली एक मुलगी, २१ वर्षांची, डिप्लोमा करून ट्रेनी लागलेली. तिने त्यांना सांगितलं की कडकपणा मोजायचं मशीन चार दिवस कॅलिब्रेशनला, म्हणजे ते बरोबर मोजतं ना हे तपासायला, बाहेर गेलं होतं, तरी त्या चार दिवसांच्या रिपोर्टवर आकडे भरलेले आहेत. ५८, ५९, ५८. मालक चिडले होते, लॅबच्या प्रमुखाला लगेच बोलवायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. मशीन बाहेर गेलं म्हणजे रिटर्नेबल गेटपास, परत येणाऱ्या वस्तूचा पास, असणार. सिक्युरिटीकडून तुम्ही नुसता तो एक गेटपास मागू नका, गेल्या तीन महिन्यांचे सगळे मागा. लॅबकडूनही तीन महिन्यांचे सगळ्या मशीनचे रिपोर्ट मागा. कारण सांगा, ग्राहकाचं ऑडिट जवळ आलंय. ते खरंच जवळ आलं होतं.

दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले. गेटपासवर मशीन बाहेर, रिपोर्टवर मशीन चालू. मुलीचं नाव कुठेही आलं नाही, यायची गरजच पडली नाही. त्या मालकांनी तीन लॉट बाजूला काढून पुन्हा तपासले आणि ग्राहकाला स्वतःहून कळवलं. त्यांना ते जड गेलं असणार, पण त्यांनी केलं.

कुठली तक्रार कुठे न्यायची

सगळ्या तक्रारी एकाच वाटेने जात नाहीत. पगारवाढ कमी मिळाली, सुपरवायझर नीट बोलत नाही, हे गाऱ्हाणं आहे. त्याची नेहमीची पद्धत वापरा, पण टाकून देऊ नका. बऱ्याचदा गाऱ्हाण्याच्या पोटातच खरी गोष्ट असते.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर तुम्ही स्वतः चौकशी करायला बसू नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, तिच्यात निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि बाहेरचा एक सदस्य लागतो. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. नाव बाहेर फोडणं हा त्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. समिती नुसती बोर्डावर आहे आणि तिच्यातल्या बाईंना आपण सदस्य असल्याचं माहीतच नाही, असं मी दोन ठिकाणी पाहिलंय.

जिवाच्या धोक्याची गोष्ट वेगळी. तिथे आधी मशीन बंद, मग प्रश्न. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतले तरच प्रेस खाली यावी म्हणून. उत्पादन वाढवायला एका बटणात नाणं किंवा पट्टी खोचून ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा राहतो. तोच हात डायखाली, म्हणजे साच्याखाली जातो. कुणी येऊन सांगितलं की अमुक प्रेसचं बटण दाबून ठेवलंय, तर उठून जा, ती प्रेस बंद करा आणि बाकीच्या सगळ्या प्रेस त्याच फेरीत तपासा. सगळ्या तपासल्या की कुणी सांगितलं तेही कळत नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीआधी कामगारांनी आणि पत्रकार राजकुमार केसवानी यांनी धोक्याची सूचना दिली होती. कुणी ऐकली नाही. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि जिवाला धोका दिसला तर तो कानावर घालण्याचा कामगाराचा हक्क कायद्यात लिहिला गेला. तो हक्क लिहून ठेवायला केवढी किंमत मोजली, याचा विचार करा.

पैशांची अफरातफर, खोटे रिपोर्ट, पुरवठादाराकडून टक्केवारी, हे बाकीचं. त्यात पहिलं काम कागद सुरक्षित करणं. सर्व्हरची कॉपी, काट्याच्या पावत्या, गेट रजिस्टर. कुणाला कुणकुण लागायच्या आत.

चौकशी कुणी करायची

ज्याच्यावर आरोप त्याच्या हाताखालचा माणूस नको, त्याचा साहेब नको, त्याच्याबरोबर दर शनिवारी जेवायला जाणारा नको. छोट्या कारखान्यात यातून कुणी उरत नाही. आणि आरोप मालकाच्या मेहुण्यावर असेल तर मुळीच उरत नाही. अशा वेळी बाहेरचा माणूस घ्या. ओळखीचे सीए, निवृत्त कामगार अधिकारी, वकील. खर्च येतो, पण निकालावर लोकांचा विश्वास बसतो.

चौकशीआधी कुणाला प्रशस्तिपत्र देऊ नका. आयसीआयसीआय बँकेने व्हिडिओकॉनला दिलेल्या कर्जात बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे हितसंबंध असल्याची तक्रार एका भागधारकाने २०१६ मध्ये लिहून केली होती. मार्च २०१८ मध्ये संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर पूर्ण विश्वास असल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांतच त्याच मंडळाला निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली, आणि जानेवारी २०१९ मध्ये बँकेच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष आला. एवढ्या मोठ्या बँकेला जाहीर केलेला विश्वास मागे घ्यावा लागला. तुम्ही शॉपफ्लोअरवर उभं राहून “आमचे साहेब असं करणारच नाहीत” म्हणालात तर तो शब्द कसा मागे घेणार?

आरोप असलेल्या माणसाचंही ऐकायचं असतं. पूर्ण, शांतपणे, त्याच्यासमोर कागद ठेवून. त्याचं नावही तितकंच जपायचं. माझ्या एका प्रकरणात खरेदी विभागातला मुलगा एकाच पुरवठादाराला ऑर्डर देतो म्हणून तक्रार होती. तपासल्यावर कळलं की त्या मापाची स्प्रिंग आसपास तोच एक पुरवठादार बनवत होता. तक्रार करणारा खोटं बोलत नव्हता, त्याला अर्धंच दिसलं होतं. दोघंही आजही त्याच कंपनीत आहेत, आणि तक्रार कुणी केली ते त्या मुलाला माहीत नाही.

हे नीट समजून घ्या. सिद्ध न झालेली तक्रार म्हणजे खोटी तक्रार नव्हे. २०१३ चा महिलांसाठीचा कायदाही हेच सांगतो, केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. जाणूनबुजून, बनावट कागद करून कुणाला अडकवलं तरच कारवाई करा, आणि तीही वेगळी चौकशी करून.

निनावी पत्र

“सही नाही, फाडून टाका.” हे मी इतक्यांदा ऐकलंय. सरकारी दक्षता यंत्रणा निनावी तक्रारींवर कारवाई करत नाही, ते त्यांचं धोरण. तुम्ही ते उचलू नका. सही का नाही, याचं उत्तर मामांच्या बदलीत आहे.

पत्रात तारीख, जागा, रक्कम, गाडी नंबर, इनव्हॉइस नंबर असं तपासता येण्यासारखं काही आहे का बघा. असेल तर तपासा. नुसतं ‘साहेब चोर आहेत’ असेल तर तारीख टाकून फाइलला ठेवा, पुढच्या वर्षी दुसरं पत्र आलं तर जुळवता येईल. अक्षर कुणाचं ते ओळखत बसू नका. हजेरीपटाशी अक्षर जुळवणारे मॅनेजर मी पाहिलेत. तेवढ्या वेळात काटा तपासून झाला असता.

इन्फोसिसमध्ये २०१९ मध्ये निनावी पत्र आलं, थेट मोठ्या अधिकाऱ्यांवर आरोप करणारं. कंपनीने ते ऑडिट कमिटीकडे दिलं, बाहेरचे वकील नेमले, आणि जानेवारी २०२० मध्ये आरोपांना पुरावा नसल्याचं जाहीर केलं. म्हणजे निनावी पत्राचीही नीट चौकशी होते आणि माणसं निर्दोषही ठरतात. याच्या उलट नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं. २०१५ मध्ये एका निनावी पत्राच्या आधारे मनीलाइफ या अर्थविषयक नियतकालिकाने को-लोकेशनबद्दल (दलालांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच जागेत ठेवण्याच्या सोयीबद्दल) बातमी छापली, तर एक्स्चेंजने त्यांच्यावर १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच सप्टेंबरमध्ये एक्स्चेंजची मागणी फेटाळून ५० लाखांचा खर्च त्यांच्यावरच लादला.

डूख

तक्रार झाल्यावरचं एक वर्ष सगळ्यात जोखमीचं. नोकरीवरून कुणी काढत नाही, तेवढे लोक शहाणे असतात. ओव्हरटाइम लागत नाही. रजा ‘कामाच्या निकडीमुळे’ नामंजूर होते. खराब मशीन वाट्याला येतं आणि मग रिजेक्शन वाढलं म्हणून मेमो. पगारवाढीत ‘समाधानकारक’ एवढाच शेरा. चहाच्या वेळी टेबल रिकामं होतं. यातल्या कशालाही शिक्षा म्हणता येत नाही, आणि माणूस सहा महिन्यांत मोडतो.

महाराष्ट्राने १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात सूडबुद्धीने काढून टाकणं आणि धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली, या दोन्ही गोष्टी अनुचित प्रथा म्हणून लिहिल्या. मामांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

मालकांना मी एक साधी पद्धत सुचवते. तक्रारीच्या आधीच्या सहा महिन्यांत त्या माणसाला ओव्हरटाइम किती तास लागला, पाळ्या कशा होत्या, किती रजा मंजूर झाल्या, शेरा काय होता, हे टिपून ठेवा. मग दर महिन्याला तेच बघा, बारा महिने. पण त्या एकट्याचा तक्ता मागवू नका. नुसत्या तक्ता मागण्यानेच नाव फुटतं. सगळ्या विभागाचा मागवा. त्या विभागातल्या बदल्या आणि मेमो वर्षभर तुमच्या सहीशिवाय निघणार नाहीत, एवढाच एक आदेश काढा, सगळ्यांना लागू असलेला.

कंत्राटी कामगारांचं दुखणं आणखी खोल. ठेकेदार संध्याकाळी फोन करतो, “उद्यापासून येऊ नको.” कागद नाही, कारण नाही. आज कितीतरी कारखान्यांत लाइनवर कंत्राटी मुलंच जास्त असतात, म्हणजे सगळ्यात जास्त बघणारे डोळे त्यांचे आणि सगळ्यात कमी आधारही त्यांनाच. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला, लेखी कारण तुम्हाला दिल्याशिवाय माणूस बदलायचा नाही.

धोरण, एक पान

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींची यंत्रणा ठेवावीच लागते. तुम्ही त्यात बसत नसाल तरी करा. तुमचा माल युरोपात जात असेल तर ग्राहक विचारणारच. २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, पण तो अमलात आणला गेला नाही, आणि तोही सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. म्हणजे तुमच्या कारखान्यातल्या माणसाला पहिलं संरक्षण तुमच्या शब्दाचंच.

मराठीत आणि हिंदीत, एका पानात लिहा. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, पुढे काय होईल. सांगण्यासाठी किमान तीन दारं ठेवा: एक आतला माणूस, एक महिला, एक पूर्ण बाहेरचा. पेटी लावायची तर मॅनेजरच्या केबिनबाहेर किंवा कॅमेऱ्यासमोर लावू नका. कपडे बदलायच्या खोलीजवळ लावा, आणि किल्ली पर्सोनेलकडे देऊ नका.

शेवटी त्याला सांगा

युरोपीय संघाच्या जागल्यांबद्दलच्या २०१९ च्या नियमात दोन मुदती आहेत: सात दिवसांत पोच, तीन महिन्यांत उत्तर. आपल्या छोट्या कारखान्यांनाही त्या झेपतात. उत्तरात कुणाला काय शिक्षा झाली ते सांगायची गरज नसते. “तपासलं. तुम्ही म्हणालात त्यात तथ्य होतं. पद्धत बदलली आहे.” किंवा “तपासलं. अमुक कागद बघितले. तसं काही आढळलं नाही. पण तुम्ही सांगितलंत ते योग्यच केलंत.” हे समोर बसून सांगा. चाकणच्या त्या मालकांनी सहाव्या आठवड्यात त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “सर, मला वाटलं तुम्ही विसरलात.” सहा आठवडे ती रोज लॅबमध्ये हेच मनात घेऊन बसत होती.

२००९ मध्ये मला मामा भेटले, चाकणच्या आठवडी बाजारात. मीच हाक मारली. केस पूर्ण पांढरे झाले होते, हातात कांद्याची पिशवी होती. मुलाने टेम्पो घेतलाय म्हणाले, बरं चाललंय म्हणाले. मला काय बोलावं कळेना. मग त्यांनीच विचारलं, “मॅडम, ते पाण्याचं पुढं काय झालं?”

अकरा वर्षं झाली होती. गाडी पकडली जाऊन आठ. मी तिथेच उभं राहून सगळं सांगितलं: पावत्या कशा जुळवल्या, भंगारवाला कसा बंद झाला, काट्यावरचे दोघे कसे गेले. नाव मीच फोडलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“चारच बॅरल होते ना?” त्यांनी विचारलं.

“सहा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि म्हणाले, “मला चारच दिसले होते.”